एक पाटी, सहा खोल्या

“बाय, ह्या टिकल्या खऱ्या ना?”

द्वारकामावशी कंट्रोल रूमच्या दारात उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत पांढरे गमबूट, अंगात जाडजूड जाकीट, डोक्यावर जाळीची टोपी. त्या वेषात आत यायची परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्यावरूनच मान पुढे काढून त्या माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या. स्क्रीनवर सहा हिरवे ठिपके होते, कारखान्यातल्या सहा थंड खोल्यांचे. ठिपका हिरवा म्हणजे खोलीतली हवा ठीक. तांबडा म्हणजे अमोनिया गळतोय, भोंगा वाजेल, बाहेर पळा.

“शंभर टक्के खऱ्या,” मी म्हणाले.

“मना वास येत नाय ना, म्हणून इचारला. करोना झाला तवापासून नाक मेलाय माझा. कोलंबी नासली तरी कळत नाय. ह्या बाकीच्या बायका नाकावर चालतात, मी फडक्यावर चालत होते. ती फडकी पण तुम्ही आज काढलीत.”

“आता फडक्याची गरजच नाही, मावशी. तुमच्या फडक्याच्या आधी टिकली सांगेल.”

“सांगंल ना?”

“सांगेल म्हणजे काय. त्याच्यासाठीच तर मी पुण्याहून आलेय.”

त्यांनी मान डोलावली, हातमोजे चढवले आणि चार बायकांना घेऊन त्या तीन नंबरच्या खोलीत गेल्या. तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. वेळ मला पाठ आहे, कारण पुढे ती मला बऱ्याच वेळा सांगावी लागली.

हा कारखाना रत्नागिरीजवळ एका खाडीच्या काठावर. कोलंबी आणि माकूल अशी मासळी निवडून, पेट्यांत भरून परदेशी पाठवायचे. खोल्या थंड ठेवायला छताला अमोनियाचे पाइप आणि त्यांना जोडलेले कूलर. अमोनियाचा थोडासा वास तिथे रोजचाच, त्यामुळे माणसांची नाकं सरावलेली. मी मूळची लातूरची, राजश्री सोनटक्के, तेव्हा सत्तावीस वर्षांची. मासळीच्या वासानं मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं आणि तिथली माणसं मला फार मागासलेली वाटत होती. हे आज लिहायला लाज वाटते, पण तसं होतं खरं.

मागासलेपणाचा पुरावा म्हणून मी फडक्यांकडे बोट दाखवत असे. आत्माराम शिवलकर तिथले जुने मशीन ऑपरेटर, तीस वर्षं त्याच पाइपांत गेलेली. ते रोज सकाळी प्रत्येक खोलीत हळदीच्या पाण्यात भिजवलेलं एक फडकं टांगायचे. अमोनिया लागला की पिवळं फडकं तांबडं पडायचं. कुठलं फडकं कुठल्या खोलीतलं ते कळावं म्हणून फडक्याला गाठी मारलेल्या, पहिल्या खोलीच्या फडक्याला एक गाठ, सहाव्याला सहा. पहिल्या दिवशी ते बघून मी विचारलं होतं, “इथं हळदीकुंकू आहे का?”

आत्मारामदादा हसले नव्हते. “हळदीला चुना लागला की कुंकू होता, मॅडम. तसाच ह्या. कुंकू दिसला की पळायचा.”

मावशी दारात आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी परदेशी कंपनीचे निरीक्षक यायचे होते. खोल्यांत ओली फडकी लटकलेली त्यांना चालली नसती. मॅनेजर हेगिष्टेंनी मला विचारलं, “काढली तर चालतील ना?” मी म्हणाले, “आजच काढा.”

साडेअकराच्या सुमाराला आत्मारामदादा कंट्रोल रूममध्ये आले. त्यांच्या हातात बादली होती आणि चेहरा उतरलेला होता.

“तीन नंबरचा एक फडका ऱ्हवला होता, कूलरच्या मागं. आता काढून आणला. जरा बघा.”

त्यांनी ओलं फडकं टेबलावर ठेवलं. तीन गाठी. मधला भाग पिवळा आणि एका बाजूनं टोकापर्यंत विटकरी तांबडं.

“साबण लागला असेल,” मी म्हणाले. “आमच्या घरी हळदीचा डाग साबणानं धुतला की असाच लाल होतो.”

“साबण लागला असता तर सगळा लागला असता. ह्या कूलरच्या बाजूनंच तांबडा झालाय.”

“दादा, हे बघा. तीन नंबर हिरवा आहे.”

“ता दिसताय मना.” त्यांनी तीन नंबरच्या खोलीकडे बोट केलं. “आत पाच बायका हायत, मॅडम. बाहेर काढू काय?”

टेबलांवर टनभर कोलंबी पसरलेली होती. दोन महिन्यांपूर्वी जुन्या यंत्रानं उगाचच भोंगा वाजवला, सगळे बाहेर पळाले, माल नासला आणि हेगिष्टे दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते म्हणे. त्याच कारणासाठी तर माझं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पहिल्याच दिवशी एका फडक्यावरून काम थांबवलं तर मी तोंड कुठे लपवणार होते?

“थांबा,” मी म्हणाले. “तुम्हाला आकडेच दाखवते.”

स्क्रीनवर आकडे नव्हते. ऑपरेटरांना आकडे वाचायला वेळ नसतो, नुसता हिरवा-तांबडा ठिपका द्या, असं हेगिष्टेंनीच सांगितलं होतं. मी प्रोग्रॅमच्या आतून सहाही खोल्यांतल्या अमोनियाचे आकडे दुसऱ्या खिडकीत छापून घेतले. शिवलकरांना गप्प करायचं, एवढाच माझा हेतू होता.

आकडे आले. एक पूर्णांक सदतीस. एक पूर्णांक सदतीस. एक पूर्णांक सदतीस. सहा वेळा.

मी पुन्हा छापले. एक पूर्णांक बेचाळीस, सहा वेळा.

सहा वेगवेगळ्या खोल्या, सहा वेगळे सेन्सर. दोन खोल्यांचा आकडासुद्धा शेवटच्या अंकापर्यंत सारखा येत नाही. आणि माझ्याकडे सहाच्या सहा सारखे होते. काय झालं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण दोन आठवड्यांपूर्वी एका माणसानं ते मला सांगून ठेवलं होतं.

तो माणूस म्हणजे किशोर दहिवाल, आमच्या ऑफिसातला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर. नगरचा, हळू बोलणारा. माझा कोड तपासताना तो एका ओळीवर थांबला होता.

प्रोग्रॅमिंगमध्ये कोरुटीन नावाचा एक प्रकार असतो. मध्येच थांबणारं काम असं त्याला म्हणता येईल. माझं कोरुटीन पहिल्या खोलीचा आकडा आणायचं, माझ्या हातात द्यायचं आणि तिथंच थांबून राहायचं. मी हाक मारली की दुसऱ्या खोलीचा आणायचं. असे सहा. सहाही हातात आले की मगच प्रोग्रॅम ठरवायचा, कुठला ठिपका तांबडा करायचा ते. आम्ही वापरत होतो त्या लायब्ररीत एक सोय होती: कोरुटीननं आकड्याची नक्कल करून देण्याऐवजी तो आकडा जिथं लिहिलाय तिथला नुसता पत्ता द्यायचा. नक्कल करायचा वेळ वाचतो. मला ती सोय फार आवडली होती.

“पत्ता देतेस,” दहिवाल म्हणाला होता, “पण त्या पत्त्यावरचा भाडेकरू बदलत राहतो, राजश्री. तू पत्ते गोळा करून ठेवतेस का, की आकडा आला तसा वापरून टाकतेस?”

“सर, मी बघून घेतलंय.”

“एकापेक्षा जास्त सेन्सर लावून बघितलंस?”

“हो,” मी म्हणाले होते. ते खोटं होतं. माझ्या टेबलावर एकच सेन्सर होता. त्याच्यापुढे अमोनियाच्या बाटलीचं बूच धरलं की ठिपका तांबडा व्हायचा, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं होतं.

शाळेतल्या पाटीवर समजा. कोरुटीनकडे एकच पाटी. त्यानं तिच्यावर पहिल्या खोलीचा आकडा लिहून मला दाखवला. मी तो माझ्या वहीत उतरवून घ्यायला हवा होता. त्याऐवजी मी वहीत लिहिलं, ‘पाटी बघ’. मग त्यानं पाटी पुसली आणि दुसऱ्या खोलीचा लिहिला. मी पुन्हा लिहिलं, ‘पाटी बघ’. असं सहा वेळा. शेवटी वही उघडून पाहिली तर सहाही ओळी एकाच पाटीकडे बोट दाखवत होत्या, आणि पाटीवर सहाव्या खोलीचा आकडा होता. सहावी खोली गणपतीपासून बंद होती, तिच्या पाइपांत गॅसच नव्हता. म्हणजे बाकीच्या पाच खोल्यांत काहीही झालं असतं तरी माझे सहाही ठिपके हिरवेच राहिले असते. आणि नक्कल न करून मी वाचवलं काय होतं? सहा आकडे.

“काय झाला, मॅडम?” शिवलकरांनी विचारलं.

“दोन मिनिटं,” मी म्हणाले. “खात्री करते.”

“बटन दाबू काय?”

भोंग्याचं हातानं दाबायचं बटण भिंतीवर होतं, तांबडं, बशीएवढं. शिवलकर त्याच्या शेजारीच उभे होते.

“नको. दोन मिनिटं थांबा, दादा. मी सांगते.”

ते थांबले. पुण्याहून आलेल्या इंजिनीअरनं थांबा म्हटल्यावर तीस वर्षं पाइपांत घालवलेला माणूस थांबला. त्यांचा उजवा हात मात्र बटणाच्या बाजूलाच भिंतीला टेकलेला होता.

मी कोड उघडला. ती ओळ शोधली. एक शब्द बदलायचा होता, पत्त्याऐवजी नक्कल. तो शब्द मी तीनदा चुकीचा टाइप केला. मग नवा प्रोग्रॅम तयार व्हायला लागला. स्क्रीनवर टक्के सरकत होते. पंचवीस. चाळीस. शिवलकरांचा श्वास मला ऐकू येत होता. मी सारखी हिरव्या तीन नंबरकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, काही नसू दे, आकडा दोन-तीनच असू दे, साबणच असू दे.

“मी दाराच्या काचेतनं बघून येतंय,” शिवलकर म्हणाले आणि निघालेसुद्धा.

मी एकटी उरले. साठ. ऐंशी. बटण तीन पावलांवर होतं.

नवा प्रोग्रॅम सुरू झाला. पहिला ठिपका हिरवा, दुसरा हिरवा. तिसरा तांबडा. भोंगा आपोआप वाजला आणि जवळजवळ त्याच वेळी पॅसेजच्या बाजूनं जाड कापड टरकावं तसा आवाज आला. मग बायकांचं ओरडणं.

मी पॅसेजमध्ये धावले. तीन नंबरच्या दारातून पांढरा धूर जमिनीलगत बाहेर येत होता. चौघी जणी एकमेकींना धरून खोकत बाहेर आल्या. माझ्या डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, घसा आवळला. मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजल्या. चारच.

“मावशी?” मी विचारलं.

“आमाला पुढं ढकलला तिनं,” एक बाई खोकत म्हणाली. “ती कूलरखाली होती.”

शिवलकर मास्क चढवून आत गेले. ते बाहेर येईपर्यंतचा वेळ मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आयुष्यात मी इतकी भ्यायले नव्हते, आणि त्या भीतीत एक विचार असा होता की तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही. त्या मेल्या तर मी त्यांना टिकल्यांची हमी दिली होती हे कुणालाच कळणार नाही, असं माझ्या मनात आलं.

शिवलकरांनी त्यांना काखेत धरून बाहेर आणलं. नळाखाली बसवून वीस मिनिटं डोळ्यांवर पाणी सोडलं. द्वारकामावशी ओरडत नव्हत्या. नुसत्या हात पुढे करून काहीतरी धरायला बघत होत्या. मी हात दिला तो त्यांनी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही.

दुपारी हेगिष्टेंनी माझ्या पाठीवर थाप मारली. कूलरखालच्या पाइपचा जोड सुटला होता, चौघी सुखरूप होत्या, पाचवीच्या डोळ्यांवर उपचार चालू होते. “मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं पाच जीव वाचवले. उद्या निरीक्षकांना मी हेच सांगणार आहे. भोंगा आपोआप वाजला.”

शिवलकर कोपऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बादली उचलून ते निघून गेले.

संध्याकाळी दहिवालचा फोन आला. त्यानं पुण्यातून सगळ्या नोंदी पाहिल्या होत्या.

“अकरा अडतीसला तू आकडे छापलेस,” तो म्हणाला. “सहाही सारखे. अकरा बेचाळीसला नवा प्रोग्रॅम सुरू झाला. मधली चार मिनिटं काय करत होतीस?”

“दुरुस्त करत होते, सर. खात्री केल्याशिवाय कसं…”

“खात्री अडतीसला झाली नव्हती?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“भोंग्याचं बटण किती लांब होतं?”

“तीन पावलं.”

तो म्हणाला, “काही खाऊन घे,” आणि फोन ठेवला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

खात्री मला अडतीसलाच झाली होती. बटण दाबलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की माझ्या टिकल्या खोट्या आहेत. आधी दुरुस्त केलं, तर भोंगा टिकलीनंच वाजवला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मी असा विचार शब्दांत केला नव्हता. पण हात बटणाकडे न जाता कीबोर्डकडे गेले, ते ह्याच कारणानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. द्वारकामावशींचा उजवा डोळा पट्टीखाली होता. डावा सुजला होता, पण उघडा होता. उजव्यानं पुन्हा दिसेल असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

“बस गो,” त्या म्हणाल्या. “तुझा भोंगा वाजला म्हणून आमी भायेर आलो.”

“मावशी…”

“चूक माझीच झाली. मना कळला होता आधीच.”

“काय कळलं होतं?”

“तुम्ही फडकी काढलीत ना, तरी मी त्यातली एक चिंधी फाडून बाहीला बांधलेली. सवय. वास येत नाय, मग काय करू? ती तांबडी झालेली मी बघितली. भोंगा वाजायच्या लय आधी.”

“मग बाहेर का नाही आलात?”

“तू बोललीस ना, टिकली आधी सांगंल. टिकली गप्प हाय म्हटल्यावर मना वाटला, सकाळी हात धुतले त्याचा साबण लागला असंल.”

माझ्याच तोंडचा शब्द होता तो. तो मी उच्चारला तेव्हा त्या दोन भिंतींपलीकडे होत्या, तरी त्यांनी तोच विचार केला होता. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. टिकल्या पहिल्यापासून खोट्या होत्या. मला ते चार मिनिटं आधी कळलं होतं. शिवलकर बटण दाबत होते, मी त्यांना दाबू दिलं नाही. बोलताना मी त्यांच्या पट्टीकडे बघत होते, डोळ्याकडे बघायची छाती झाली नाही.

“कशाला?” त्यांनी विचारलं. एवढंच.

“लाज वाटली.”

शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून आमच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता मावशी मला हाकलतील. त्यांनी हात लांब केला आणि उशीखाली चाचपडून एक चिंधी काढली. माझ्या हातात दिली.

“मना नीट दिसत नाय. बघ, कसला रंग हाय?”

मी बघितलं. “पिवळा.”

“सगळा पिवळा? कुठं तांबडा नाय?”

“कुठंच नाही.”

“वारा लागला की परत पिवळी होता ती,” द्वारकामावशी म्हणाल्या. “मागाहून कुणाला दाखवायला जाशील तर काय ऱ्हवत नाय. म्हणून ज्यानं बघितला त्यानं तवाच बोलायचा असता. माझा चुकला, तुझा पण चुकला. आता तू जा.”

दवाखान्यातून रिक्षा करून मी थेट कारखान्यात आले. हेगिष्टेंच्या केबिनचं दार बंद होतं. आत निरीक्षक बसले होते आणि हेगिष्टे त्यांना माझ्याच सॉफ्टवेअरबद्दल सांगत होते. मी चिंधी मुठीत धरली होती. दार वाजवलं असतं तर आतून ‘थांबा, दोन मिनिटं’ असं उत्तर आलं असतं, म्हणून मी दार न वाजवताच आत गेले.